पिवळ्या दिव्याखालचे शेंगोळे

नकटीनं पहिल्यांदा पिवळा दिवा लावला तेव्हा मी तिला तोंडावर शिवी दिली. ती शिवी इथं लिहीत नाही, पण आज विचाराल तर तीच पुन्हा देईन.

नकटी म्हणजे आमच्या गाडीतलं महानगरपालिकेचं यंत्र. सरकारी नाव गंधरक्षक. शहराचं नाव मी सांगत नाही, सांगितलं तर त्यावरून आणखी एक नोटीस यायची. पण तुमच्याकडंही एव्हाना ती आलीच असेल. खाद्यगाडी चालवायची तर छताला आतून ही बशीएवढी चकती लागते, नाहीतर परवाना नाही. चकतीला नाकासारखं काही नाही, नुसत्या दोन फटी आहेत. म्हणून माझ्या भावानं तिचं नाव नकटी ठेवलं.

भाऊ म्हणजे अभिनंदन. मी पद्मजा मगदूम, त्याची थोरली बहीण, त्याची आक्का. गाडी दोघांची. खिडकीवर मी आणि चुलीवर तो. हुलग्याचे शेंगोळे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक, एवढंच मिळतं. कांदा-लसूण नाही आणि दिवस मावळला की गाडी बंद. बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर आम्हाला जैनाची गाडी म्हणतात आणि हमालांपासून वकिलांपर्यंत सगळे एकाच बाकावर बसून खातात.

नकटी कशी चालते ते बसवायला आलेल्या पोरीनं सांगितलं होतं. किड्यांच्या मिशांना वास कळतो तो मिशांतल्या काही प्रथिनांमुळं. ती प्रथिनं आता कारखान्यात बनवतात आणि कोळशाच्या एका पातळ पापुद्र्यावर शेकडो ठिपक्यांनी बसवतात. वासाचा कण येऊन ठिपक्यावर बसला की तिथला विजेचा प्रवाह जरा बदलतो. कुठले ठिपके एकदम हलले त्यावरून यंत्र ओळखतं, हे आंबलेलं पीठ, हे जळकं तेल, हे नासलेलं दूध. अन्नातलं सगळं ठीक असेल तर गाडीच्या टपावर हिरवा दिवा. शंका असेल तर पिवळा. महिनाभर पिवळा राहिला की एक ठपका आणि तीन ठपके झाले की गाडीला कुलूप. दिवा टपावर कशाला, तर अख्ख्या रस्त्याला दिसावा म्हणून.

मला यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं. चार गाड्या पलीकडं एक जण कालचं तेल आज आणि आजचं परवा वापरायचा, त्याची जिरली.

पण पिवळा लागला तो आमच्या गाडीवर. मी पिठाचे डबे उन्हात घातले. तेल ओतून दिलं. फरशी सोड्यानं घासली, गाडीच्या चाकांपर्यंत धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळा. रोजचे लोक आधी दिव्याकडं बघायचे, मग माझ्याकडं आणि मग मोबाइल काढून काहीतरी आठवल्यासारखं करत पुढं जायचे. महिना भरला तसा पहिला ठपका आला.

त्याच सुमारास मिठाची तक्रार सुरू झाली. एकदा शेंगोळे खारट, एकदा अळणी. आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, चाखून बघायचं की.

आमच्यात मुनिमहाराजांच्या आहारासाठी घरी चौका लावतात. धुतलेल्या कपड्यात, सोवळ्यानं सगळं रांधायचं आणि रांधणाऱ्यानं जिभेला काही लावायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. आमच्या आईचा हात चौक्यात अख्ख्या गावात नावाजलेला. ती वाफेवर तोंड धरायची आणि म्हणायची, अजून चिमूटभर. अभिनंदन तिच्या पदराला धरून तेच शिकला. मिठाला स्वतःचा वास नसतो, पण ते पडलं की रसातला हिंग-जिऱ्याचा वास वाफेबरोबर जोरानं वर येतो. तो ज्याला कळला त्याला मीठ कळलं. गाडीवर चौक्याचे नियम कुठले, पण न चाखण्याची सवय दोघांच्याही अंगात भिनलेली. पंधरा वर्षांत त्यानं गाडीवर काही चाखलं नाही आणि मीही नाही.

म्हणून मिठाची तक्रार आली तेव्हा मी चाखलं नाही. मी त्याच्यावर खेकसले. "लक्ष कुठं असतं तुझं? आणि शेंगोळे एवढेसे का वळतोयस? पिठाची कंजुषी माझ्यासमोर करू नकोस."

शेंगोळे खरोखर लहान झाले होते. पूर्वी करंगळीएवढे असायचे, आता पेन्सिलीच्या टोकासारखे.

"हात आखडतोय जरा," तो म्हणाला. "थंडी आहे."

थंडी कसली, मार्च होता.

दुसरा ठपका आला तशी मी महानगरपालिकेत गेले. परवाना अधिकारी हेरवाडकर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मला बसायला खुर्ची दिली, हे कबूल करते.

"मॅडम, तुमच्या अन्नात दोष नाही," ते पडद्याकडं बघत म्हणाले.

"मग ठपका कशाचा?"

"अन्य गंध."

"अन्य म्हणजे कशाचा?"

"ते सांगता येत नाही."

"माहीत नाही की सांगता येत नाही?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "सांगता येत नाही." मग पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "एक करून बघा. काही दिवस स्वयंपाकी बदलून बघा."

मी जिना उतरत होते आणि मधल्याच पायरीवर माझे पाय थांबले. अन्न चांगलं, भांडी चांगली, आणि बदलायचं काय, तर माणूस.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनला मी बाकावर बसवलं आणि चुलीला मी लागले. दिवा हिरवा. जेवणाची गर्दी सरली तसं त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं टपावरचा दिवा पिवळा झाला. बाहेर उभा असलेला रिक्षावाला ओरडून म्हणाला, "आक्का, नकटी रुसली."

अभिनंदन हसला. "मी रोज आंघोळ करतो की, आक्का."

मला हसू आलं नाही. संध्याकाळी त्याला डॉक्टर नसीम मुजावर यांच्याकडं नेलं. त्यांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नावाची अक्षरं पुढं पुढं लहान होत गेली. मग त्या म्हणाल्या, "काहीतरी उग्र वासाचं आहे का कुणाकडं?"

माझ्या पिशवीत हिंगाची डबी होती, त्याच दिवशी घेतलेली. मी ती उघडून त्याच्या नाकाखाली धरली. माझे डोळे चुरचुरायला लागले. तो शांत बसून होता.

"कसला वास येतोय?" मुजावर मॅडमनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. डबी ओळखीची होती, खोटं सांगता आलं असतं. "काहीच नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं कमी कमी होत गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, आक्काला कशाला सांगायचं. मीठ मी अंदाजानं टाकत होतो."

कंपवात. मॅडमनी समजावून सांगितलं. या आजारात हात थरथरायच्या कितीतरी आधी वास कळणाऱ्या नसा मरायला लागतात. आणि त्याच सुमारास कातडीवरच्या तेलाची घडण बदलते, त्याला एक वेगळा वास येऊ लागतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, हजारात एखाद्याला कळतो. यंत्राला मात्र कळतो. म्हणजे माझ्या भावाचं नाक गेलं होतं आणि छतावरची नकटी रोज त्याचाच वास घेत बसली होती.

"लागणारा आजार आहे का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. आणि आता याला थोपवणारं औषध आहे. बरं करत नाही, पण आहे तिथं रोखतं. जितकं लवकर सुरू कराल तितकं." मग त्यांनी त्याचे हात हातात घेतले. "दीड वर्षापूर्वी आला असतात तर ही बोटं वाचली असती. आता आहे तेवढं सांभाळू. गोळ्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे हात चालू ठेवा. पीठ मळा, भाकरी थापा, शेंगोळे वळा. बसून राहायचं नाही."

दीड वर्षापूर्वी आमच्या गाडीत नकटी बसली होती.

पुन्हा महानगरपालिका. या खेपेला मी खुर्चीत बसले नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

हेरवाडकरांनी दार लोटून घेतलं. "मला नाव माहीत नव्हतं. एवढंच दिसतं की गंध अन्नाचा नाही, व्यक्तीचा आहे. पहिल्या आठवड्यापासून नोंद होत होती. मर्यादेच्या खाली होता म्हणून दिवा लागत नव्हता."

"पहिल्या आठवड्यापासून. आणि एक फोन करता आला नाही."

"नियम आहे, मॅडम. यंत्रानं माणसाच्या तब्येतीबद्दल काही ओळखलं तर कुणालाही सांगायचं नाही. खाजगीपणाचं संरक्षण."

"सांगायचं नाही. पण अख्ख्या रस्त्याला दिसेल असा पिवळा दिवा त्याच्या डोक्यावर लावायचा. ते चालतं?"

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"हा आजार भाकरीतून लागतो?"

"नाही."

"ताकातून?"

"मॅडम, यंत्र फरक करत नाही. जे अन्नाचं नाही ते सगळं अन्य."

"यंत्र करत नाही हे कळलं मला. मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी हात जोडले. खरंच जोडले, आणि त्याचा मला आणखी संताप आला. शिव्या देणारा माणूस परवडतो, त्याला उलट देता येते. हात जोडणाऱ्याचं काय करायचं? "तिसरा ठपका आला तर मला कुलूप लावावं लागेल," ते म्हणाले. "भाऊ आत नसले तर प्रश्नच नाही."

घरी येऊन मी अभिनंदनला म्हटलं, कोर्टात जाऊ. तो म्हणाला, "गाडी जाईल, आक्का. मी बसतो घरी."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? हात चालू ठेवायचेत."

"घरी मळतो की पीठ."

"कुणासाठी? दोघांच्या चार भाकरी?"

"मग काय करायचं?" तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "गाडी बंद पाडायची माझ्या पायी? हे मला नाही जमणार."

त्यानं माघार घेतली याचा मला राग आला, सरळ सांगते. महानगरपालिकेवर होता त्याहून जास्त आला. रागाच्या भरात मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि तेवढ्यात तो खरोखर घरी बसला.

गाडीवर हिरवा दिवा लागला. लोक परत आले. माझे शेंगोळे जाडेभरडे, कुणी तोंडावर बोललं नाही, पण ताटात राहायला लागले. घरी अभिनंदन गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. आधी आठ दिवस त्यानं पीठ मळलं, मग सोडलं. हात मांडीवर ठेवलेले आणि उजवा अंगठा आपोआप बोटावर फिरायचा. शर्टाची बटणं मी लावायला लागले. पावसाळा सरेपर्यंत त्याची पावलं घसटत पडायला लागली. मुजावर मॅडम मला ओरडल्या. मी काय सांगणार त्यांना? परवान्यासाठी भाऊ खर्ची घातला म्हणून?

दिवाळीच्या आधी गाड्यांची अचानक तपासणी निघाली. आमच्याकडं हेरवाडकर स्वतः आले. तपासणीला गाडीचं दार आणि खिडकी बंद करतात, पंखा थांबवतात, म्हणजे आतली हवा हलत नाही आणि नकटीला नीट हुंगता येतं. आत मी आणि ते, दोघंच. ते डब्यांची झाकणं उघडून बघत होते.

आतल्या बाजूचा बारका दिवा पिवळा झाला.

"भाऊ येऊन गेले का?" त्यांनी विचारलं.

"घरी आहे. सहा महिने त्यानं या पायरीवर पाय ठेवला नाही. फोन लावून दाखवू?"

त्यांनी हुलग्याचं पीठ बघितलं, तेल बघितलं, ताकाच्या माठात डोकावले. त्यांच्या हातातल्या पडद्यावर अक्षरं आली, अन्य गंध. ते माझ्याकडं संशयानं बघायला लागले आणि मी त्यांच्याकडं. मी सहा महिने या गाडीत एकटी उभी आहे आणि दिवा हिरवा आहे. आज आत नवीन काय आलं?

मला कळलं. त्यांना अजून कळलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. वाटलं, गप्प बसावं. नियमच आहे की, कुणालाही सांगायचं नाही. यांनी दीड वर्ष माझ्या भावाला सांगितलं नाही, मी यांना का सांगू? जाऊ दे घरी, बसू दे एक दिवस गॅलरीत, कळेल मग. हे सगळं मनात येऊन गेलं. आणि मग अभिनंदनचा तो अंगठा आठवला, बोटावर फिरणारा. तसं शत्रूचंही होऊ नये.

"साहेब, खाली उतरा," मी म्हटलं.

"का?"

"उतरा तर खरं."

ते उतरले. मी पंखा सुरू केला, हवा बदलू दिली, मग दार लावून एकटी आत उभी राहिले. दिवा हिरवा झाला. दार उघडलं आणि म्हटलं, "आता वर चढा."

त्यांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथंच थांबले. टपावरच्या हिरव्या दिव्याकडं बघितलं. चेहरा उतरला त्यांचा. ते चढले नाहीत.

"काय आहे ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "यंत्रालाही नाव ठाऊक नसेल. पण डॉक्टरकडं जा. उद्या नको, आज."

काही न लिहिता ते निघून गेले. त्यांच्यासोबत आलेला शिपाई विचारत होता, काय झालं म्हणून, त्याला मी ताक दिलं.

त्यानंतर हेरवाडकर एकदम जानेवारीत आले, सकाळी, गर्दीच्या आधी. अंगानं निम्मे झालेले. सोबत कुणी नव्हतं.

"किडनीत गाठ होती," ते म्हणाले. "बारीकशी. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर कुणी येतच नाही." मग जरा चाचरत म्हणाले, "मी आत येऊन बघू का?"

मी बाजूला झाले. दार लावलं, पंखा बंद केला. दोघंही छताकडं बघत उभे राहिलो. बराच वेळ गेला. दिवा हिरवाच राहिला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तुमचे उपकार झाले," म्हणाले.

"कामावर रुजू झालात?"

"हो, आजपासून."

"त्याच खुर्चीवर?"

"हो."

"तुमच्या अंगाला महिनोन् महिने तो वास येत होता. तुमच्या खुर्चीला कुणी कुलूप नाही लावलं. टेबलावर पिवळा दिवा नाही लावला." माझा आवाज चढत होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "तुमचा दिवा हिरवा झाला, साहेब, चांगलं झालं. माझ्या भावाचा कधी होणार नाही. त्याची गाठ नाही कापून टाकायला. तो जिवंत आहे तोवर पिवळाच राहणार. मग त्यानं काय करायचं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "एक तरतूद आहे. अधिकाऱ्यानं स्वतः गाडी तपासून शेरा द्यायचा की या गंधाचा अन्नाशी संबंध नाही. तसा शेरा असला की ठपका धरत नाहीत."

"ही तरतूद कधी आली?"

"पहिल्यापासून आहे."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पहिल्यापासून," मी म्हटलं. "मी तुमच्या दारात दोनदा आले तेव्हाही होती."

"होती. कुणी वापरत नाही. यंत्राच्या विरुद्ध सही केली की वर उत्तर द्यावं लागतं."

एवढंच. एका माणसाला वर उत्तर द्यावं लागू नये म्हणून माझ्या भावाची बोटं गेली. मी त्यांना काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. बाजार समितीतले हमाल गोळा झाले एवढं आठवतं. हेरवाडकरांनी एक शब्द अडवला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंही माझं समाधान झालं नाही.

मग मी घरी फोन लावला. "रिक्षा करून ये," मी अभिनंदनला म्हटलं. "पीठ मळायचंय."

तो आला, भिंतीला धरत पायरी चढला, हात धुतले. पंखा चालू असूनही अर्ध्या तासात टपावरचा दिवा पिवळा झाला. बाकावरच्या दोघांनी वर बघितलं. मी खिडकीतून मोठ्यानं सांगितलं, "दिवा माझ्या भावाचा आहे, अन्नाचा नाही. कंपवात आहे त्याला. खायचंय त्यानं बसावं." एक उठून गेला. एक बसून राहिला. हेरवाडकरांनी डबे तपासले, शेरा लिहिला, सही केली. मी आभार मानले नाहीत. ते बाकाच्या टोकाला जाऊन बसले आणि म्हणाले, "एक ताट द्या."

अभिनंदन शेंगोळे वळत होता. एकाला पूर्वी चार शेंगोळ्यांना लागायचा तेवढा वेळ लागत होता. काही तुटत होते. आधण उकळलं, त्यानं शेंगोळे सोडले, मीठ टाकलं आणि सवयीनं वाफेवर तोंड नेलं. मग तसंच बाजूला केलं.

"आक्का," तो म्हणाला, "मीठ बघ."

आईच्या हाताखाली शिकलेली मी, आजवर चुलीवरचं कधी जिभेला लावलं नव्हतं. पळीभर रस वाटीत घेतला, फुंकर मारली आणि प्याले.

"कमी आहे," मी म्हटलं, आणि मिठाची बरणी त्याच्या हातात दिली.